महाराष्ट्र फिरताना आधी मुक्काम ठरवा: महिना, वार, भरती आणि घाट यांच्या हिशेबाने सहलीची आखणी

सहल ठरली की बहुतेक घरांत आधी ठिकाणांची यादी होते आणि राहण्याची सोय शेवटी शोधली जाते. महाराष्ट्रात हा क्रम महागात पडतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. जलदुर्गांच्या होड्या पावसाळ्यात थांबतात. जंगलाचा परवाना ज्या दरवाजाचा, त्याच दरवाजाने आत जावे लागते. नकाशावर ४० किलोमीटर दिसणारे अंतर किनाऱ्याच्या रस्त्याने दीड तास खाते. त्यामुळे कोणत्या रात्री कोणत्या गावात झोपायचे हे आधी पक्के करा. ठिकाणे त्या मुक्कामांभोवती आपोआप बसतात.

महिना आधी, गाव नंतर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जवळजवळ सगळ्या राज्याला चालतो. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सोडा. त्या दिवसांत कोकण, महाबळेश्वर आणि लोणावळ्यात खोल्यांचे दर चढतात आणि घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात. मार्चपासून मराठवाडा आणि विदर्भ तापू लागतात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण वाघ पाहायचा असेल तर तोच हंगाम चांगला, कारण पाणवठे मोजकेच उरतात आणि जनावरे तिथे येतात. कोकणात मे म्हणजे आंबा, घाम आणि गर्दी.

पावसाळ्यात सह्याद्री सर्वात सुंदर असतो आणि सर्वात जास्त अडवतोही. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किनाऱ्यावरची प्रवासी होड्यांची आणि जलक्रीडांची वाहतूक बंद असते, म्हणून सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहावे लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. त्या काळात ताटात येणारा मासा खाडीतला किंवा बर्फातला असतो, हे मासे खायला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पावसात धबधबे, धरणे आणि काही किल्ल्यांवर जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि ते बहुधा शनिवार-रविवारच्या तोंडावर निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याची ताजी बातमी पाहणे हाच त्यावर उपाय.

कास पठाराची फुले सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतात. रोज ठरावीकच लोकांना प्रवेश मिळतो आणि त्याचे आरक्षण ऑनलाइन होते. मुक्काम साताऱ्यात ठेवा. तिथून पठार सुमारे २५ किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघालात तर धुके आणि गर्दी या दोन्हींच्या मधला मोकळा वेळ मिळतो. शनिवार-रविवार टाळता आला तर अवश्य टाळा.

एका सहलीत एकच विभाग

आठ दिवसांत कोकण, अजिंठा आणि ताडोबा असे बेत कागदावर बसतात, रस्त्यावर बसत नाहीत. वेग किलोमीटरने नव्हे, रस्त्याच्या जातीने मोजा. चौपदरी महामार्गावर जेवणखाण धरून ताशी ६० किलोमीटर धरा, जिल्हा रस्त्यावर ४०, किनारी कोकणात आणि घाटात २५ ते ३०. नकाशाचे अॅप घाटातला वेळ नेहमी कमी दाखवते. त्यात मालट्रकमागे रांगणे, गुरे, अरुंद पूल आणि गावच्या बाजाराचा दिवस यांचा हिशेब नसतो.

एका मुक्कामात किमान दोन रात्री काढा. रोज गाव बदलले की सकाळचे दोन तास सामान आवरण्यात आणि संध्याकाळचा एक तास नवी जागा शोधण्यात जातो. शिवाय पहाटेची होडी किंवा पहाटेचा किल्ला हातचा सुटतो. कोकणात दोन-दोन रात्रींचे तीन मुक्काम, संभाजीनगरला सलग तीन रात्री, सातारा-वाई भागात तीन रात्री हे प्रमाण बहुतेकांना सोसते.

गाडी नसेल तर: रेल्वे आणि एस.टी.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात कोकण रेल्वेची तिकिटे काही मिनिटांत संपतात, तेव्हा तारीख मोजून त्या सकाळी तयार बसा. तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला आणि बाकीच्यांसाठी ११ ला सुरू होते. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, संथ वेळापत्रकावर चालते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जुनी वेळ गृहीत धरू नका.

गाडी निवडताना ती किती वाजता पोहोचवते हे पाहा. पहाटे तीनला लहान स्थानकावर उतरलात तर रिक्षा मिळेल याची खात्री नसते, आणि कोकणातली बरीच स्थानके गावापासून लांब आहेत. रत्नागिरी स्थानक शहरातल्या एस.टी. स्थानकापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, सावंतवाडीचेही तसेच. दिवसा पोहोचवणारी गाडी घ्या आणि यजमानाला रिक्षा पाठवायला सांगा. मालवणला जायचे तर कुडाळ, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड, हरिहरेश्वर-श्रीवर्धनला माणगाव, ही उतरायची स्थानके पाठ ठेवा.

एस.टी. गावागावात पोहोचते, पण तिचे वेळापत्रक गावाच्या सोयीने लावलेले असते, पर्यटकाच्या नव्हे. आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळांना बांधलेल्या असतात. रविवारी आणि सुट्टीत त्याच फेऱ्या रद्द होतात. दुसरी काळजी वस्तीच्या गाडीची. संध्याकाळी तालुक्याहून सुटून गावात रात्र काढणारी आणि पहाटे परतणारी ही गाडी बहुतेक वेळा दिवसाची शेवटची असते. ती चुकली की रात्री खासगी वाहन करावे लागते. पण पायथ्याच्या गावी मुक्काम करून पहाटे तिनेच परतायचे असेल, तर तिच्याइतकी भरवशाची गाडी दुसरी नाही. वेळ विचारायची ती आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला. फलकावर लिहिलेल्या वेळा अनेकदा जुन्या असतात.

सवलतींमुळे एस.टी.चा खर्च खूप कमी होतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्याच्या हद्दीत ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट लागते आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. मूळ आधार कार्ड किंवा एस.टी.चे स्मार्ट कार्ड जवळ ठेवा. सलग भटकायचे असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा ४ किंवा ७ दिवसांचा पास काढावा. पासाचे दिवस मोजून वापरा. दोन रात्रींच्या मुक्कामाचा मधला दिवस पास नुसता वाया घालवतो, म्हणून लांबच्या उड्या त्या ४ दिवसांत बसवा.

पुण्याहून निघताना स्थानक चुकणे ही नेहमीची अडचण. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, कोकण यांसाठी स्वारगेट. नाशिक, संभाजीनगर, खानदेश, विदर्भ यांसाठी शिवाजीनगरची स्थलांतरित जागा, म्हणजे वाकडेवाडी.

राहायचे कुठे

पर्यटन विकास महामंडळाची निवासे त्यांच्या जागांसाठी घ्यावीत. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, भंडारदरा, माळशेज, कार्ला, चिखलदरा, लोणार अशा मोक्याच्या ठिकाणी ती आहेत, आणि खासगी हॉटेलला तशी जागा सहसा मिळत नाही. खोल्यांची अवस्था ठिकाणानुसार बदलते. आरक्षण करताना खोलीचा प्रकार नीट वाचा. ‘समुद्राकडची’ आणि ‘बागेकडची’ यांत दराचाच नव्हे, रात्रीच्या वाऱ्याचाही फरक असतो. आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. निवासांच्या आणि देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने बनावट पाने चालतात. शोधात वर दिसलेल्या मोबाइल क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवली की पैसेही जातात आणि खोलीही नसते. रक्कम व्यक्तीच्या नावाच्या खात्यात मागितली जात असेल तर तिथेच थांबा.

कोकणातले घरगुती मुक्काम हा माझ्या मते राज्यातला सर्वात चांगला पर्याय आहे. ‘राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी असलेल्या घरांत दोन ते सहा खोल्या असतात आणि स्वयंपाक घरचीच माणसे करतात. म्हणून जेवण आधी सांगावे लागते: रात्रीचे दुपारपर्यंत, दुपारचे सकाळी न्याहारीला. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा. अनेक घरांत सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात मासे शिजत नाहीत, तेव्हा वार सांगूनच विचारा. दर कधी खोलीवर असतो तर कधी माणशी, न्याहारीसह किंवा तिच्याशिवाय. फोनवर हे स्पष्ट झाले नाही तर निघताना कटुता येते.

फोनवर विचारायचे प्रश्न असे:

- दर खोलीचा की माणशी? लहान मुलाचे आणि जादा गादीचे किती?
- खोली सोडायची वेळ ठरलेली आहे की चोवीस तासांची?
- गरम पाणी कशावर? सौर बंबाचे पाणी ढगाळ दिवसात कोमट येते, आणि काही ठिकाणी ते सकाळी ठरावीक तासच मिळते.
- वीज गेली तर काय सोय? कोकणात वादळी पावसात ती रात्रभरही जाते.
- गाडी अंगणापर्यंत येते की पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात? सोबत म्हातारी माणसे असतील तर हा प्रश्न पहिला विचारा.
- चालक बरोबर असेल तर त्याच्या झोपण्याची सोय?
- कोणत्या कंपनीचे नेटवर्क येते, आणि पैसे रोख द्यायचे की फोनवरून?

समुद्रकिनाऱ्यापासूनचे अंतर विचारताना ‘चालत किती मिनिटे’ असे विचारा. ‘जवळच आहे’ याचा अर्थ प्रत्येक गावात वेगळा निघतो.

भक्तनिवासे स्वस्त, स्वच्छ आणि शिस्तीची असतात. शिर्डीला संस्थानच्या खोल्यांचे आरक्षण आधी करता येते. शेगावला संस्थानच्या खोल्या प्रत्यक्ष पोहोचल्यावर क्रमाने मिळतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा आणि गुरुवार, एकादशी, रामनवमी, ऋषिपंचमी यांचा विचार करून दिवस निवडा. स्थानकावरून मंदिरापर्यंत संस्थानच्या मोफत बस धावतात. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला हिंडायला जाऊ नये, ते दिवस वारकऱ्यांचे. अनेक देवस्थाने एकट्या माणसाला खोली देत नाहीत. एकट्याने फिरणाऱ्यांनी हे आधी विचारावे आणि जवळचे एखादे लॉज हाताशी ठेवावे. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ ओळखपत्र सगळीकडे लागते.

शासकीय विश्रामगृह मिळाले तर मोठी आवारे आणि जुनी झाडे लाभतात, पण शासकीय कामासाठी कोणी आले की तुमचे आरक्षण रद्द होऊ शकते. म्हणून त्या एकाच भरवशावर लहान मुलांना घेऊन निघू नका. हॉटेलच्या दरावर कर वेगळा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. सांगितलेला दर करासह आहे का, हे विचारून घ्या.

किनारी कोकण: धक्क्यांच्या हिशेबाने सात दिवस

मुंबई-गोवा महामार्गाने उतरून प्रत्येक गावासाठी आत जाऊन परत बाहेर येणे, ही कोकण पाहण्याची सर्वात थकवणारी रीत आहे. समुद्राला धरून दक्षिणेकडे जा आणि खाड्या जंगलजेटीने ओलांडा. गाडी, दुचाकी, मिनीबस सगळे या फेरीबोटींवर चढते आणि काही मिनिटांत पलीकडे उतरते. उत्तरेकडून क्रम असा: राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. दाभोळ-धोपावेने गेलात तर दापोलीहून गुहागरला जाताना खेड-चिपळूणचा मोठा वळसा वाचतो.

या फेऱ्या दिवसभर ठरावीक अंतराने असतात, रात्री थांबतात. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. दाट धुके, जोराचा वारा, इंजिनाची दुरुस्ती किंवा सुट्टीतली वाहनांची रांग यांपैकी काहीही आडवे आले तरी तुम्ही चुकीच्या काठावर रात्र काढणार. दुपारी चारपर्यंत धक्का ओलांडून झालेला असावा. पैसे सुटे आणि रोख ठेवा. बोटीवर गाडी उलटी चढवायला सांगितली तर घाई न करता माणसाच्या हाताकडे पाहत मागे घ्या. उतारावर शेवाळ असते आणि चाके घसरतात, विशेषतः ओहोटीत उतार लांब झाला की.

पहिला दिवस: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसह मांडवा, साधारण तासाभराचा प्रवास. मग अलिबाग. ओहोटी असेल तर कुलाबा किल्ला चालत, नाहीतर होडीने. मुक्काम मुरूड किंवा काशीद. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होड्यांपैकी एकीने राजपुरीहून जंजिरा. उन्हे चढली की तिथे रांग वाढते. नंतर आगरदांड्याहून दिघी, आणि दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला दोन रात्री. चौथ्या दिवशी बागमांडला-वेश्वी, आणि हर्णै, आंजर्ले किंवा दापोलीत दोन रात्री. हर्णैचा माशांचा लिलाव संध्याकाळी रंगतो, सुवर्णदुर्गाची होडीही तिथूनच मिळते. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सकाळी करा आणि पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांसाठी एक दुपार राखा. तिथे गर्दी नसते, आणि या पट्ट्यातले ते सर्वात उपेक्षित ठिकाण आहे. सहाव्या दिवशी दाभोळ-धोपावे, मुक्काम गुहागर. सातव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड करत गणपतीपुळे.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतो, प्रवाशानेही शिकून घ्यावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. कुलाब्याला चालत जायचे तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी परत चढायला लागण्याआधी निघून या. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही तसे फार ओसरतही नाही, म्हणून ओहोटीलाही वाटेत पाणी राहते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, त्या दिवशी पाणी झपाट्याने परतते. हा अंदाज आहे. पाण्यात पाऊल टाकण्याआधी स्थानिक कोळ्याला किंवा होडीवाल्याला विचाराच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर पूर्ण ओहोटीतच करायची. खडकांवर चढणारी लाट अनेकांना ओढून घेऊन गेली आहे. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला शांत आहे, पण पाण्याखालची ओढ जबर आहे, तिथे गुडघ्यापुढे जाऊ नका.

आणखी चार दिवस असतील तर रत्नागिरीहून पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर करत मालवण गाठा आणि तिथे तीन रात्री ठेवा. सिंधुदुर्गाची होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते. विजयदुर्ग मात्र गावातूनच चालत पाहता येतो, होडी लागत नाही.

घाट निवडणे

देशावरून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. पुण्याहून माणगावला ताम्हिणी: सुंदर, आणि म्हणूनच पावसाळी रविवारी तुंबलेला. भोरहून महाडला वरंधा: अरुंद, दरडींचा, पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवला जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी: प्रतापगड याच वाटेवर, वळणे सलग. कऱ्हाडहून चिपळूणला कुंभार्ली, कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, आणि सावंतवाडीकडे आंबोली. पावसात आंबा आणि कुंभार्ली हे तुलनेने रहदारीचे, म्हणून अडचण आली तर मदत लवकर मिळते. घाट नेहमी उजेडात उतरा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो.

संभाजीनगर: वाराचा हिशेब

वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा हा क्रम उत्तम चालतो. तोच उलटा केला तर दोन्ही दिवस दारे बंद. सुट्टी जोडून आलेल्या सोमवार-मंगळवारी कित्येक कुटुंबे याच चुकीने परततात.

वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, वाटेत दौलताबाद. सकाळी आठला दौलताबाद चढा, बालेकिल्ल्यापर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात. अंधेरीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, जायला विजेरी हवी. वेरूळला दुपारी पोहोचा. तिथली ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून कैलासावर उजेड दुपारनंतर पडतो. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. वेळ कमी असेल तर १०, १६, २९ आणि ३२ पाहा. जैन लेणी बरीच उत्तरेला आहेत, तिकडे वाहनाने जा आणि पाय कैलासासाठी राखा. कैलास वरच्या कड्यावरूनही पाहावा, तरच तो वरून खाली कोरत आणला आहे हे डोळ्यांना पटते.

अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. सातला निघा. खासगी वाहन फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवावे लागते आणि पुढचे ४ किलोमीटर बसने. तिथे परतीच्या बसला संध्याकाळी रांग लागते, शेवटच्या तासावर टाकू नका. चित्रांसाठी लेणी १, २, १६ आणि १७, सर्वात जुन्यांपैकी ९ आणि १०, आणि महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी २६. आत उजेड मंद ठेवलेला असतो, फ्लॅश चालत नाही. उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटे नुसते उभे राहा. डोळे सरावले की भिंतीवरचे चेहरे एकेक करून पुढे येतात. चित्रांची लेणी आधी करा, दुपारी गट वाढले की आत थांबू देत नाहीत. गुडघेदुखी असणाऱ्यांना पायथ्याशी डोली मिळते, दर आधी ठरवा. जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर पडतो, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांना तो मार्ग जवळचा.

किल्ल्यांसाठी मुक्काम

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. सगळे एका दमात करण्याचा हट्ट नको. पन्हाळ्यावर गाडी वर जाते आणि राहण्याची सोयही गडावरच आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांसह पहिला गड तोच असू द्या. रायगडासाठी रात्र पाचाड किंवा महाडला काढा. रज्जुमार्ग जोरदार वाऱ्यात आणि देखभालीसाठी थांबतो, म्हणून चढण्याची तयारी ठेवूनच जा. ६ जून आणि तिथीने येणारा राज्याभिषेक दिन, या दोन्ही दिवशी खोल्या मिळणे जवळजवळ अशक्य. शिवनेरीला जुन्नर, लोहगडला मळवली, प्रतापगडला महाबळेश्वर किंवा वाई. साल्हेर १,५६७ मीटरवर आहे, राज्यातला सर्वात उंच किल्ला. आदली रात्र पायथ्याच्या गावात काढून पहाटे निघा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या.

ताडोबा, थोडक्यात

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर. सफारी ऑनलाइन आधी मिळवा, मग खोली. मोहर्ली दरवाजाची सफारी आणि कोलारा दरवाजापाशी मुक्काम असे झाले तर पहाटे बाहेरचा लांब वळसा पडतो आणि दरवाजा उघडायची वेळ हुकते. आरक्षणातले ओळखपत्र आणि हातातले ओळखपत्र एकच हवे. मुंबईकडून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर टायर फुटून अपघात होतात, म्हणून चाकांतली हवा आणि टायरची अवस्था निघण्याआधी तपासा, आणि दर दीड-दोन तासांनी थांबा.

परतीची रात्र

शेवटचा मुक्काम नेहमी अडथळ्याच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला ठेवा. रत्नागिरीहून सकाळची गाडी असेल तर आदली रात्र गणपतीपुळ्याला किंवा रत्नागिरीतच काढा, गुहागरला नको. जयगडची पहिली फेरी उशिरा सुटली तर गाडी जाते. देशावर परतायचे असेल तर घाट आदल्या दिवशीच चढून कऱ्हाड किंवा कोल्हापूरला झोपा. माथेरानहून निघताना दस्तुरीच्या वाहनतळापर्यंतचा वेळ धरा. गावात मोटार येत नाही, सामान हमाल, घोडा, ई-रिक्षा किंवा अमन लॉजची छोटी गाडी यांवरच खाली येते, आणि रविवारी दुपारी त्या सगळ्यांसाठी रांग असते. हमालाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि दर त्याच वेळी ठरवा.